पिट्सबर्गच्या लायब्ररीतले मखमली नट

“या वेळी नायगारा नको आणि स्मोकी माउंटन्सही नकोत. मला पिट्सबर्गला जाऊन नट बघायचेत,” नलिनीनं जाहीर केलं.

नट म्हणजे छापील हं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये गाजलेल्या नटांची वेषातली चित्रं छापून विकायचे. नाटकवेडी मंडळी ती घरी न्यायची आणि त्यांवर चमचमता वर्ख, मखमल, साटीन चिकटवत बसायची. अशी चित्रं पिट्सबर्गच्या एका लायब्ररीत आहेत, हे तिला फेसबुकवर कळलं. नलिनी तीस वर्षं आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांचे कपडे शिवतेय आणि मी ते घालून मिरवतोय. मी रिटायर्ड भूलतज्ज्ञ. स्टेजवरूनही लोकांना झोपवतो, असं मित्र म्हणतात.

शुक्रवारी सकाळी ओहायोतल्या आमच्या डब्लिनहून निघालो. आय-सेव्हंटी हायवेनं सरळ पूर्वेकडे, साधारण सव्वातीन तास. व्हीलिंगपर्यंत रस्ता सपाट आणि कंटाळवाणा, मग डोंगर सुरू होतात आणि जागं व्हायला होतं. जेवायला पिट्सबर्गमधल्या दाक्षिणात्य देवळाच्या कँटीनमध्ये थांबलो. तिथला चिंचेचा भात चुकवू नका. दोघांचं पोटभर जेवण वीस डॉलरच्या आत झालं.

लायब्ररीत प्रवेश फुकट, पण अपॉइंटमेंट आधी घ्यावी लागते. बॅगा लॉकरमध्ये ठेवायच्या, हात धुवायचे आणि लिहायला फक्त पेन्सिल. केट नावाच्या तरुण लायब्रेरियननं एकेक चित्र टेबलावर मांडलं. एक पाय पुढे, तलवार उपसलेली, डोळे वटारलेले, अंगभर वर्खाचं चिलखत! मी पोझेस बघत होतो. नलिनी मात्र एका समुद्री चाच्याच्या लाल झग्यावर वाकली, ती उठेचना.

“अहो, हा तुकडा नंतर लावलाय.”

“कशावरून?”

“मखमलीची लव उलटी आहे. बाकी झग्याची खाली जाते, याची वर. आणि वीणही वेगळी आहे.”

मी केटला इंग्रजीत सांगितलं. तिनं भिंग आणलं, दिवा तिरका धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. “ओह माय गॉड, शी इज राइट! इतकी वर्षं आम्ही हे मूळचंच समजत होतो.” तिनं फाइल उघडली. “मला नोंद करायचीय. कुणाच्या लक्षात आलं म्हणून लिहू?”

“शी इज माय वाइफ,” मी सवयीनं बोलून गेलो.

केट पेन्सिल धरून नलिनीकडेच बघत राहिली. नलिनीनं एकेक अक्षर सांगत तिला नाव लिहायला लावलं. व्यवसाय विचारल्यावर ती म्हणाली, “आय मेक कॉस्च्यूम्स.” हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

परतताना व्हीलिंगच्या बोगद्यापाशी मी विचारलं, “मंडळाच्या ब्रोशरमध्ये तुझं नाव कधी छापलं होतं गं?”

“कधीच नाही. ‘वेषभूषा: मंडळ’ असं असायचं.”

“मग बोलली का नाहीस?”

“ब्रोशर तुम्हीच तर लिहायचात,” ती शांतपणे म्हणाली.

“चुकलं माझं,” मी म्हणालो. तिनं खिडकीकडे बघत मान हलवली. मग म्हणाली, “पुढच्या एक्झिटला चहा घेऊ या.” जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर मी सामान काढतोय, तर नलिनी बेसमेंटमधून वर आली. अंगात माझा सरदाराचा अंगरखा, खांद्यांवर भलताच सैल. डोक्यावर पगडी. “माझा फोटो काढा. नीट काढा.” तिनं एक पाय पुढे टाकला, लाटणं उपसलं आणि डोळे असे वटारले, की मी दोन पावलं मागे सरलो आणि पहिले चार फोटो वाया गेले.

पिट्सबर्गहून काय आणलंत, असं विचाराल तर हा पाचवा फोटो. प्रिंट काढून हॉलमध्ये लावलाय. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय: नलिनी, सरदाराच्या भूमिकेत. वेषभूषा: नलिनी. आणि त्याखाली, तिनंच सांगितलं म्हणून, अगदी बारीक अक्षरांत: छायाचित्र: नवरा.