काचेवर थांबलेलं बोट

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. वय बावन्न, काम मोजमापाचं. तरी लिहितोय, कारण यात माझी एक चूक आहे... चूक कसली, लबाडीच.

आमच्या प्रयोगशाळेत चुंबकांनी कोंडून धरलेल्या अतितप्त प्लाझ्माच्या कडेची खळबळ कॅमेऱ्याने टिपतात. कडेला जरासा वायू सोडायचा, तो उजळतो, आणि त्याच्या भराभर फ्रेम घ्यायच्या. माझी ज्युनिअर वैशाली म्हणाली होती, एका कोपऱ्यात ठिपका टिकून राहतो, तो खरा आहे. माझ्या गणितात तो बसत नव्हता. मीटिंगमध्ये मी सांगून टाकलं — कॅमेऱ्यापुढची काच पुसताना हिनंच डाग पाडलाय. तिचं कंत्राट पुढे वाढलं नाही. नंतर काच काढून पाहिली, तर स्वच्छ होती. मी गप्प बसलो. फ्रेममध्ये आजूबाजूचे रंग भरून ठिपका बुजवून टाकला.

यंदा दिवाळीत नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी लॅपटॉपवर त्याच फ्रेम पाहत होतो. सकाळचे दहा. बाबा शेजारी येऊन बसले. उमरेडला त्यांनी जन्मभर हातमाग चालवला. आता काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेत, उजेडही कळत नाही. काय करून राहिला, विचारलं. म्हटलं, चित्रं पाहतोय. विणलेल्या लुगड्यावरून फिरवायचे तशी त्यांनी स्क्रीनवरून बोटं फिरवली. मला हसू आलं. बोट थांबलं... नेमकं बुजवल्या जागी.

"इथं धागा तुटला गा. तू गाठ नाही मारली, वरून झाकलं."

योगायोग, दुसरं काय? मी त्यांना न सांगता चित्र डावं-उजवं उलटवलं. बोट दुसऱ्या कोपऱ्यात गेलं. मग न बदललेली, मूळ फ्रेम लावली. बोट फिरत राहिलं, कुठेच अडलं नाही.

चौथ्यांदा हात फिरवा म्हटलं तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.

"मले काहून विचारून राहिला? तुले माहीत हाय."

त्याच दुपारी मूळ फ्रेम प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना पाठवल्या, वैशालीलाही, मी काय केलं होतं ते लिहून. तिचं एका ओळीचं उत्तर आलं — सर, काच स्वच्छ निघाली त्या दिवशी का नाही बोललात?

उत्तर द्यायला आठ दिवस लागले. भ्यालो होतो, एवढंच आज तिला लिहिलं.

पण गुळगुळीत काचेवर त्या बोटांना काय लागलं, हे मला अजून सांगता येत नाही. बाबांना विचारलं तर म्हणतात, लागलं म्हणून थांबलो.