इलिंकाच्या फाइलमधली माझी नोंद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. बसा जरा.

माझे बाबा इचलकरंजीला यंत्रमागावर होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. नर्सिंगची डिग्री, मग इथे सिडनीत येऊन रजिस्ट्रेशन, वेस्टमीडजवळच्या एका वृद्धाश्रमात नोकरी. याचा मला अभिमान आहे. अजूनही. त्या अभिमानापायी मी काय केलं, तेच तर सांगायचंय.

इलिंका तिथे आली तेव्हा ऐंशीच्या पुढची होती. मूळची रोमानियाची. इथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, पण माझी जीभ रेटेना — मी तिला आजी म्हणायचे. अर्थ कळल्यावर म्हणाली, "मग रोज यायचं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा!"

ती सांगायची, मी ऑपेरात सोप्रानो होते. सोप्रानो म्हणजे बायकांचा सगळ्यात चढा आवाज. ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटक समजा, फक्त संवादही गायचे. क्लुज शहरात बारा वर्षं नायिका! आणि कागदांवर व्यवसाय काय? हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामगार. त्यात सकाळी खाल्लेलं तिला दुपारी आठवायचं नाही. चादरी धुणारी बाई कसली नायिका — हे ठरवलं कुणी? मागवाल्याच्या मुलीने.

केअर प्लॅन, म्हणजे कुणाशी कसं वागायचं याची फाइलमधली नोंद, लिहिणं माझं काम. मी लिहिलं : 'आपण ऑपेरा गायिका होतो असा भ्रम. दुजोरा देऊ नये. हळूच विषय बदलावा.' खाली माझी सही. मॅनेजरने मीटिंगमध्ये ते वाचून दाखवलं, निरीक्षणाचं कौतुक केलं.

तेव्हापासून आजीने गाण्याचं काढलं, की कुणीतरी चहाचं काढायचं. नाहीतर नातवंडांचं. तिला नातवंडंच नव्हती.

काही महिन्यांनी तिच्या भाचीचं पाकीट आलं. उघडून द्यायला मीच होते. आत क्लुजच्या ऑपेराचं घडी घातलेलं पोस्टर — तिचं नाव सगळ्यात वर, खाली पांढऱ्या झग्यातली तरुण बाई. हनुवटी उचलायची खोड तीच. आजी फोटो बघून हसली. "झगा इतका घट्ट होता," म्हणाली, "की वरचा सूर भीतीनेच निघाला."

मग शिफ्ट संपली की मी तिच्याकडे बसायला लागले. दार लावून. तिने सगळं सांगितलं. पोटावर वह्यांची चळत ठेवून श्वास शिकवणारी बाई. नवऱ्यामागोमाग देश सोडणं. सिडनीत दिलेल्या ऑडिशन्स — उच्चार जड, वय जास्त. मग लाँड्री. "मशिनी इतक्या धडधडायच्या," ती म्हणाली, "की मी पूर्ण आवाजात गायचे. कुण्णाला पत्ता नाही! तिकीटही नाही." एकदा माझा हात आपल्या बरगड्यांवर ठेवून तिने एकच सूर लावला. बारीक, थरथरता. हाताखाली श्वास पसरत गेलेला मला अजून जाणवतो.

आणि फाइल?

दोन मिनिटांचं काम होतं. पण दुरुस्ती करताना लिहावं लागतं — आधीची नोंद चुकीची, आणि ती कुणाची. तेव्हा सीनियर पोस्टसाठी माझं नाव पुढे होतं. उद्या करू, मी म्हणाले. रोज म्हणाले. दार का लावून घ्यायचे, आलं ना लक्षात?

पोस्ट मला मिळाली. नोंद राहिली.

आजीला ताप भरला, त्या दुपारी तिच्याजवळ सिमरन होती, नुकतीच लागलेली मुलगी. शिफ्ट संपताना ती मला उत्साहाने सांगायला आली — "दीदी, ती क्लुज, स्टेज असं काहीतरी बोलायला लागली. मैंने फाइल देखके ही किया. लगेच चहाचं विचारलं. एकदम चुप हो गयी!"

त्यानंतर आजी कुणाशी काही बोलली नाही. दोन दिवसांनी गेली.

पण त्या दिवशी सिमरन समोर उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. खरं सांगायला तेव्हाही वेळ होता — आजीची खोली चार दारं पलीकडे होती. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "गुड जॉब."