वरातीला पाजलेला चहा

गोंदियाच्या वेशीवर आता बरेच कॅफे झाले आहेत. एकात झुंबर आहे, एकात कारंजे. लॅपटॉप लावायला प्लग मात्र एक सोडून कुठेच नाही. म्हणून पुण्याच्या कंपनीचे काम मी रिंगरोडवरच्या त्या एका कॅफेत बसून करतो. पाटी सोडली तर ते चहा-पोह्याचे दुकानच आहे. त्याचा मालक गिऱ्हाइकाला आधी प्लग दाखवतो, मग खुर्ची. दर तासाला माझा लॅपटॉप स्वतः उचलून खालचे टेबल पुसतो आणि काळजीने विचारतो, "काऊन भाऊ, मशीन गरम होऊन राहिली का?"

माझे कंत्राट वाढवायचे की नाही, हे परवाच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये ठरायचे होते. मी बोलायला सुरुवात केली आणि बँडबाजासह एक वरात दारासमोर येऊन थांबली. साहेबांना माझा शब्दही ऐकू जाईना.

कॅफेवाल्याने माझा चेहरा पाहिला, किटली आणि पेले उचलले आणि थेट बँडवाल्यांत शिरला. "आधी चाय घ्या बे! केव्हाचे फुंकून राहिले!"

बाजा थांबला. नवरदेवाचा मामा ओरडला, "अरे, मुहूर्त टळून राहिला ना!"

"गरम आहे मामाजी. आरामसे पिऊ द्या."

तेवढ्या शांततेत मी सगळे बोलून घेतले. कंत्राट वाढले. मी दारातून अंगठा दाखवला, तसा तो बँडवाल्यांना म्हणाला, "आता वाजवा जोरात!" आणि रिकामी किटली डोक्यावर घेऊन वरातीपुढे नाचत निघून गेला.

दुकानातल्या गिऱ्हाइकांना पोहे मग मीच वाढले.