जिन्यावरची काच

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मला कीव येते. इथले बरेचसे अनुभव वाचून तर हसूच येतं — लाइट गेली, मांजर ओरडलं, झाला अनुभव! तरी लिहिते आहे, कारण हे मी भर दुपारी, चष्मा लावून, रस्त्यावर उभी राहून पाहिलं.

२००४ चा मे महिना, चंद्रपूर. मी एका कापड दुकानात स्टॉक सांभाळायची. मालकांनी त्या वर्षी दुकानाचा दर्शनी भाग जमिनीपासून गच्चीपर्यंत निळ्या काचेनं मढवला. मी म्हटलं, खिडक्या तरी बुजवू नका. "बाई, नागपूरले जाऊन पाहा, सारी काचच काच हाय!" चंद्रपूरच्या उन्हात काचेची पेटी बांधणाऱ्याशी काय वाद घालायचा?

त्या दुपारी तळमजल्यावरच्या एसीनं पेट घेतला. सगळे बाहेर पळालो. मी माणसं मोजली — एक कमी. आमचे टेलर सलीमभाऊ वरच होते. गुडघे गेलेले. उतरायला एकच जिना, काचेला लागून. आणि त्याचं दार त्याच काचेच्या बरोबर खाली.

जमलेल्या शहाण्यांनी समोरच्या हॉटेलातून बादल्या आणल्या. "काच तापून राह्यली, थंड करा रे!"

"काचेवर नका मारू!" मी ओरडले. "घरी कंदिलाची काच कधी पुसली नाई का? थेंबानं तडकते!"

"तुम्ही बाजूले व्हा न बाई, काऊन मधात येता?"

मारलं पाणी. एकेक तावदान कडेपासून चिरत गेलं आणि विळ्याच्या पात्यांसारखे तुकडे खाली कोसळले. वारा आत शिरला, आग आणखी भडकली. उरलं फक्त जिन्यावरचं तावदान — सगळ्यांत काळं, सगळ्यांत तापलेलं. त्यावरही दोन बादल्या बसल्याच. वरपासून खालपर्यंत तडे गेलेले मला स्पष्ट दिसले. एक मोठा तुकडा तर चौकटीतून सुटून बाहेर झुकला... आणि तसाच राहिला.

खालचं दार उघडलं. तोंडाला अस्तराचं कापड लावून, एकेक पाय टाकत सलीमभाऊ बाहेर आले. रस्ता ओलांडून हॉटेलच्या पायरीवर बसले. मग ते तावदान पडलं. सगळं, एकदम.

मालक म्हणाले, दारावरच्या लिंबू-मिरचीनं वाचवलं. दुकान जळालं, लिंबूही जळालं. श्रद्धा मात्र फायरप्रूफ! काच बसवणारा म्हणाला, रबरानं धरून ठेवलं असेल. ते रबर वितळून चौकटीवरून ओघळताना मी पाहिलं होतं. नागपूरच्या एका इंजिनिअरनं बराच वेळ समजावलं — काच मधे तापते, चौकटीतली कड थंड राहते, म्हणून कडेपासून तडकते. अहो, का तडकली ते कळलं. लगेच का पडली नाही, ते सांगा! त्यावर साहेबांनी चहा मागवला.

शेवटी सलीमभाऊंनाच विचारलं, "जिन्यात काही दिसलं का तुम्हाला?"

"धुव्यात काय दिसते बाई? डोक्यावर कडकड कडकड आवाज येऊन राह्यला होता. मी म्हटलं, थांब माय, उतरू दे मले."

"मग?"

"मंग काय... उतरलो."

यावर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. पण याहून बरं उत्तर एकाही शहाण्याला आजवर देता आलेलं नाही. मलाही नाही.