पुढच्या गाडीचा हात

जानेवारी १९५६. सकाळी मी डिंक तळत होते. मुलगी शालन पहिल्या बाळंतपणाला दादरला आमच्याकडे आली होती, आणि लाडू आधीच करून ठेवलेले बरे असतात.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बिल्डिंगमध्ये कुणाच्या अंगात आलं, तर मी आधी तिला विचारते, सकाळपासून पोटात काही गेलंय का. तरीही त्या दिवशी जे झालं, ते झालं तसं लिहिते.

कढई उतरवतेय तोच शालनला कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. मूल आडवं असल्याचं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, म्हणजे घरी सुईण बोलावून भागणार नव्हतं. नाव घातलेलं गिरगावातल्या प्रसूतिगृहात. आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबई बंद – ट्राम नाही, टॅक्सी नाही. शेजारच्यांच्या फोनवरून अँब्युलन्स मागितली, तर लालबागला दगडफेक चालू आहे, कधी येईल सांगता येत नाही म्हणाले.

खाली आमची जुनी गाडी उभी होती. पण यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. म्हणजे चालवायची मी. लायसन्स नुकतंच हातात आलेलं, आणि शिवाजी पार्कभोवती चकरा मारण्यापलीकडे माझी मजल नव्हती. समोरून बस आली की मी गाडी बंद पाडत असे.

शालनला मागच्या सीटवर आडवी केली. हे चाचपडत पुढे येऊन बसले. तुम्ही येऊन काय करणार, म्हटलं, तर म्हणाले, "तुला दिसतं तरी तू कुठे बघतेस? मी गिअरचा आवाज ऐकतो."

परळपर्यंत रस्ता रिकामा होता. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, चाळींच्या गॅलऱ्यांत माणसं उभी, पण बोलत कुणी नव्हतं. रस्त्यावर दगड आणि काचा.

तेवढ्यात पुढे एक काळी गाडी दिसली. ड्रायव्हरचा उजवा हात खिडकीबाहेर आला, तळवा खाली करून हलला – सावकाश. मी सावकाश केली. पुढे खरोखरच काचांचा ढीग होता. पुन्हा हात आला, सरळ उजवीकडे. मी तिच्यामागे उजवीकडे घेतली, तर डावीकडे उलटवलेली हातगाडी. शिकवणाऱ्या मास्तरांनी घोकून घेतलं होतं – पुढच्याचा हात म्हणजे हुकूम. जिवात जीव आला. यांना म्हटलं, "पुढे चांगला ड्रायव्हर आहे. त्याच्या मागोमाग जाते."

हे मान कलती करून ऐकत होते.

लालबागच्या पुढे चिंचपोकळीकडून रस्ता येऊन मिळतो, तिथे ती गाडी डाव्या कडेला झाली. हात मागून पुढे फिरला – या, पुढे निघा. मागे शालन दात आवळून कण्हत होती. मी अॅक्सिलरेटर दाबला.

"अगं, कुणाच्या मागे चालली आहेस?" हे म्हणाले. "आपल्या पुढे दुसरं इंजिनच नाही."

मी ब्रेकवर उभी राहिले. गाडी आचका देऊन बंद पडली, आणि आमच्या नाकासमोरून कोपऱ्यामागची एक लॉरी भरधाव आडवी गेली. बॉनेटवर धूळ बसली, एवढ्या जवळून.

धूळ खाली बसल्यावर पाहिलं, तर काळी गाडी नव्हती. ती उभी होती त्या डाव्या बाजूला वळायला गल्ली नाही. भायखळ्याच्या पुलापर्यंत सरळ रस्ता, आणि त्यावर काही नाही.

त्यानंतर गिरगावापर्यंत मी रडत, गिअर खरडत गेले. संध्याकाळी ऑपरेशन करून मुलगी झाली, दोघी सुखरूप.

शालनने डोळे मिटून घेतले होते, यांच्या डोळ्यांवर पट्टी. म्हणजे पाहिलं ते मी एकटीनेच. भीतीने भास झाला म्हणावं, तर काचा आणि हातगाडी त्या ड्रायव्हरने आधी कशा दाखवल्या? आणि माझ्या भल्यासाठी होता म्हणावं, तर शेवटचा हात तसा का केला? मला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रामा सुरू झाल्या. शालनचा डबा घेऊन मी गाडीनेच निघाले. एकदा सोडली असती, तर पुन्हा बसले नसते. त्याच कोपऱ्यावर पुढच्या टॅक्सीवाल्याने कडेला होऊन हात फिरवला – या, पुढे निघा. साधा टॅक्सीवाला, खाकी शर्ट, विडी ओढत होता. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले. मी गाडी बंद केली, उतरले, पदर खोचला, चालत कोपऱ्यापर्यंत जाऊन दोन्ही बाजू स्वतः बघून आले, आणि मग गाडी काढली.