साळुंकीचे चौदा महिने

अमळनेरच्या फलाटावर मी गाडीच्या दोन तास आधी जाऊन बसलो. बसलो म्हणजे काय, येरझारा घातल्या. घोड्यावर उमर काढलेल्या माणसाला बाक मानवत नाही. स्टेशनमास्तरांनी दोनदा चष्म्यावरून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "जमादारसाहेब, कुणाला पोचवायला आलात?"

"कुणाला नाही. बडोद्याला निघालोय. परत येईन तो रिसालदार होऊन."

हे वाक्य गावातल्या निदान वीस जणांना ऐकवून झालं होतं. आता रिकाम्या हातांनी परतलो तर तोंड कुठं लपवावं, हा प्रश्न होताच. पण त्याहून मोठी घाई निराळी होती. मी बडोदे सरकारच्या फौजेतला शिलेदार. पुढं जमादार झालो आणि वय झाल्यावर राखीव यादीवर आलो. म्हणजे घरी राहायचं आणि वर्षातून एकदा बडोद्याला हजेरी द्यायची. या चैत्राअखेर माझं नाव त्या यादीवरूनही उतरणार होतं. उतरताना दप्तरात जो हुद्दा लिहिला असेल तोच कायमचा. मेल्यावरही तोच.

आणि तो हुद्दा चुकीचा होता, अशी माझी बारा वर्षांची खात्री. शिलेदाराचा नियम असा की ज्याचं घोडं त्याची नोकरी. घोडं मेलं तर सरकारी पागेतून दुसरं मिळेपर्यंत स्वार हजेरीत धरत नाहीत. माझी घोडी मेली आणि सरकारनं मला चौदा महिने घोडंच दिलं नाही. तेवढ्यात माझ्या मागून लागलेला धोंडू, ज्याला रिकिबीत पाय ठेवायला मी शिकवलं, माझ्या आधी जमादार झाला, पुढं रिसालदारही झाला. मला जमादारी उशिरा मिळाली आणि रिसालदारी मिळालीच नाही. कागद धोंडूनंच दाबून ठेवले असणार. तेव्हा पागेच्या कारकुनांत त्याचीच ऊठबस जास्त. राखीव यादीवर आम्ही दोघं एकदमच आलो, पण वर्षाच्या हजेरीला त्याला मुजरा करावा लागू नये म्हणून मी दोनदा तापाचं सोंग घेतलं होतं. आता सगळं लिहून अर्ज केला होता आणि नकला पत्र्याच्या नळकांड्यात घालून गाठोड्यात बांधल्या होत्या.

सुरतेला गाडी बदलली. नर्मदेचा पूल आला तेव्हा डब्यातली सगळी मंडळी खिडकीशी जाऊन हात जोडू लागली. पाणी उन्हाळ्याचं, मधेच वाळूची बेटं. मीही हात जोडले आणि मागून घेतलं की आई, एवढा एक हुद्दा दे. भरूचला पाय मोकळे करायला उतरलो. फलाटावर खारे दाणे विकत होते. ते घेतो तोच शिट्टी झाली आणि गाडी हलली. माझा डबा पुढं निघून गेला. धावत जाऊन मागचा एक दांडा पकडला आणि भलत्याच डब्यात चढलो. त्या वयात तसं चढणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, पण गाठोडं पुढच्या डब्यात होतं आणि त्यात माझी बारा वर्षं होती. पुढच्या स्टेशनापर्यंत मी दारातच उभा राहिलो. एक म्हातारा म्हणाला, "काका, शांति राखो (धीर धरा)." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा बोलला नाही.

पुढच्या स्टेशनात धावत माझ्या डब्यात गेलो तर एक धिप्पाड बाई माझ्या गाठोड्यावर ऐसपैस बसलेली. "आ पोटलुं तमारुं? (हे गाठोडं तुमचं?)" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती उठली आणि कंबर चोळत म्हणाली, "तो लई लो, बहु खूंचे छे (मग घ्या बाई एकदाचं, फार टोचतंय)." नळकांडं चेपलं होतं. कागद शाबूत होते.

बडोद्याला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. शहर दर खेपेला नवं काहीतरी काढून ठेवतं. या वेळी रस्त्याकडेच्या झाडांना बुंध्याशी आळी केली होती आणि भिस्ती एकेकाला पाणी देत चालला होता. माझी मावसबहीण गंगाताई नागरवाड्यात राहते. भाऊजी शाळेत मास्तर. तिचा जन्म साताऱ्याकडचा, पण चाळीस वर्षं इथं काढल्यामुळं तिची आमटीही गोड झाली आहे आणि बोलणंही.

"रावजी, जरा शांतीनं बेस ना. केटली धमाल (किती ती गडबड)! आलास तसा उभाच आहेस."

"ताई, कचेरी किती वाजता उघडते?"

"उद्या उघडते," ती म्हणाली आणि पुढ्यात ढोकळा, कैरीचं लोणचं आणि तांब्या ठेवला. मी उभ्या उभ्याच खाल्लं. तिनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी लहरीपुऱ्याच्या दरवाजातून जाताना कापडवाल्यांनी पायऱ्यांपर्यंत गाठोडी सोडली होती. कासाराच्या दुकानात ठोकाठोक चालली होती. एका टांग्याचं घोडं रस्त्यात अडून उभं होतं आणि टांगेवाला त्याला शिव्या देत होता. मी जवळ जाऊन त्या घोड्याची आयाळ चाचपली, तंग पाहिला. एक दोर मांडीखाली करकचून बसला होता, तो सैल केला. घोडं चाललं. टांगेवाला म्हणाला, "फौजी लागता." कचेरीच्या दारात पोचेपर्यंत मला तेवढंच बरं वाटलं.

कचेरीत पहिला दिवस एका टेबलावर गेला, दुसरा दुसऱ्यावर. माझा अर्ज एकाकडून दुसऱ्याकडे जाई आणि त्याच्यामागून मी. साहेब दौऱ्यावर. साहेब आले तर शिक्का कुलुपात. कुलूप उघडलं तर किल्लीवाला जेवायला. वऱ्हांड्यात मी इतक्या फेऱ्या मारल्या की शिपायानं पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही चालून चालून फरशी झिजवाल." चैत्र संपायला चार दिवस उरले होते. मला रडू यायचंच काय ते बाकी होतं, हे लपवून काय करायचं?

तिसऱ्या दिवशी अर्ज मणिलालभाई नावाच्या कारकुनाकडे आला. नेटकी पगडी, शाईचा एक डाग नाही. मराठी स्वच्छ बोलत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि आतून पागेची जुनी हजेरीवही आणवली. लाल कापडात बांधलेली होती. ती उघडून त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"हे सगळं मोडीत आहे, जमादारसाहेब. आमचे मोडी वाचणारे अण्णा गेल्या महिन्यात घरी बसले. मला मोडी येत नाही. तुमचंच पान आहे, तुम्ही वाचा, मी बाळबोधीत उतरवतो. खाली तुम्ही सही करा. साहेब त्यावर हुकूम देतील."

"मी वाचेन तेच लिहिणार?"

"तुमच्यासारखा जुना माणूस. दुसरं काय लिहू?" त्यांनी टाक दौतीत बुडवला.

मी पान जवळ घेतलं आणि वाचू लागलो. "असामी रावजी. घोडी साळुंकी. रंग कुमैत, कपाळी चांद, मागील डावा पाय पांढरा. पोटशूळ होऊन मयत." इथं मी ओळीवर बोट ठेवून थांबलो. मणिलालभाईंनी मान वर केली नाही. टाक चालत राहिला. साळुंकी एका दिवसात गेली होती. सकाळी हरभरा खाल्ला नाही, दुपारी लोळू लागली, संध्याकाळी माझ्या मांडीवर मान टाकली. मी तिचं नाव बारा वर्षांत कुणाजवळ काढलं नव्हतं.

मग खालच्या ओळी दिसल्या. मी मनातच वाचल्या. "दुसरे घोडे दाखविले. स्वारास नापसंत." खाली सही. "तिसरे घोडे दाखविले. स्वारास नापसंत." सही. "शिलेदार धोंडू याने आपले जवळील दुय्यम घोडे, रंग नीला, आपणहून देऊ केले. स्वारास नापसंत. स्वार म्हणतो, तूर्त घोडे नको." आणि खाली सही. तिन्ही सह्या माझ्या. अक्षर माझं, शाई जुनी.

आधी वाटलं, कुणीतरी बनावट केलंय. मग ते नीलं घोडं डोळ्यांपुढं उभं राहिलं. धोंडू त्याला लगामाला धरून माझ्या बडोद्याच्या बिऱ्हाडाच्या दारात घेऊन आला होता. मी म्हटलं होतं, "ने ते. मला साळुंकीच्या खोगिराखाली दुसरं कुणी नको." धोंडू बराच वेळ उभा राहिला होता. हे सगळं मला ठाऊक होतं. मीच ते कुठंतरी पुरून टाकलं होतं आणि वर सरकारची नि धोंडूची बदनामी रचली होती. सांगून सांगून ती मलाच खरी वाटू लागली होती.

"पुढं?" मणिलालभाई म्हणाले.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. सरकारातून घोडे मिळाले नाही. एवढंच. त्यांनी लिहिलं असतं, मी सही केली असती आणि गावी रिसालदार होऊन उतरलो असतो. कचेरीत त्या क्षणी दुसरं कुणी मोडी जाणणारं नव्हतं. मी खरेपणाचा पुतळा नव्हे. पण वरच साळुंकीचं नाव होतं, तिचा चांद, तिचा पांढरा पाय, आणि तिच्याखाली खोटं वाचायला माझी जीभ उचलेना. मी होतं तसं वाचलं. तिन्ही नापसंत, धोंडूचं नावही.

मणिलालभाईंनी टाक ठेवला. "साहेब, मग हे चौदा महिने धरता येणार नाहीत."

"नाहीत."

"अर्ज?"

"परत द्या."

त्यांनी अर्ज दिला नाही लगेच. फडक्यानं टाक पुसत बसले. मग विचारलं, "फार चांगली होती का घोडी?"

मी खुर्चीत बसलो. तीन दिवसांत पहिल्यांदा. आणि त्या परक्या माणसाला साळुंकीचं सगळं सांगितलं. ती पुलावर लाकडी फळी वाजली की कान कशी टवकारायची, मी तंबाखू खाल्ली की तोंड कशी फिरवायची. त्यांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

बाहेर पडलो तो घरी गेलो नाही. धोंडू अकोट्याला, विश्वामित्रीपलीकडे राहतो. पुलाखाली वाळूवर एक मगर पडली होती, लोक थांबून पाहत होते. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर माघारी फिरलो असतो. धोंडू बंडी घालून वांग्यांना पाणी देत होता. मला पाहून बादली तशीच हातात राहिली.

मी टाचा जुळवल्या आणि मुजरा केला. नीट, हजेरीत करतात तसा.

"अहो दादा, हे काय चालवलंय?" तो गोंधळला. "मी बंडीवर आहे."

"रिसालदार आहेस ना? मग घे मुजरा. तुझी नोंद वाचून आलोय. घोडं देऊ केलंस ती."

त्यानं ओरडून आतून चहा मागवला, मला ओट्यावर बसवलं. त्याची बायको दाराशी येऊन पाहून गेली. बारा वर्षांत त्यांच्याकडे दोन लग्नं झाली होती आणि दोन्हींना मी गेलो नव्हतो. चहा अर्धा झाल्यावर मी विचारलं, "ते नीलं घोडं पुढं काय केलंस?"

धोंडूनं बशी खाली ठेवली. "काय करणार, दादा? तुम्ही नको म्हटलंत म्हणून मीच बसलो त्याच्यावर. त्याच्यावर बसूनच रिसालदार झालो."

हे तो फुशारकीनं बोलला नाही. उलट त्याची मान खाली होती. मला फार लाज वाटली आणि फार हसूही आलं, दोन्ही एकदम. त्यानं जेवायला ठेवून घेतलं. वांग्याची भाजी होती, तिखट, आपल्याकडच्यासारखी.

परतीच्या गाडीत मला करमेना. राग होता तेव्हा निदान तो सोबतीला असायचा, आता त्याच्या जागी काय ठेवावं ते कळेना. प्रत्येक स्टेशनात उतरलो आणि प्रत्येकदा गाडी सुटायच्या आधी चढलो. एवढी सुधारणा झाली. लोक प्रवासाला जातात आणि नवं काही पाहून येतात. मी बडोद्याला जाऊन माझ्याच हातची जुनी सही पाहून आलो. चैत्र संपला की दप्तरात माझ्या नावापुढं जमादार लागेल आणि तो हुद्दा बरोबर असेल. ही गोष्ट गिळायला अमळनेरपर्यंतची वाट पुरली नाही.

घरी हिनं पाय धुवायला पाणी दिलं. काही विचारलं नाही, तेव्हा मीच सांगितलं. वही, सह्या, नीलं घोडं, सगळं. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. ते घोडं दारात आलं तेव्हा मी तिथं उंबऱ्याशीच होते."

"मग बारा वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर मलाही धोंडूभावजींच्या पंगतीत बसवलं असतं तुम्ही," ती म्हणाली आणि ताट वाढायला आत गेली.