पायरीवरची घोंगडी

रविवारी सकाळी आठच्या आत दुकानात माल उतरवायचा नाही, असा नियम आमच्या सांगलीच्या पेठेत आला. तरी दूधवाला साडेपाचलाच यायचा, कारण गिऱ्हाईक आठपर्यंत थांबत नाही. कोपऱ्यावर इंजिन बंद करून तो टेम्पो ढकलत आणायचा, माझ्या दुकानाच्या पायरीवर घोंगडी अंथरायचा आणि तिच्यावर क्रेट अलगद ठेवायचा. वरच्या मजल्यावरून एक तक्रार गेली की टेम्पो जप्त.

"आमच्या माण तालुक्यात मेंढरांवर लांडगा आला की आमी बोंबलायचो," एकदा तो कुजबुजला. "हितं बोंबलायची बी चोरी हाय."

परवाच्या रविवारी वर दिवा लागला. तो दचकला आणि भरलेला क्रेट त्याच्या पायावर पडला. तो ओरडला नाही, वर बघत राहिला.

मीही आधी पाहिलं ते वरच्या खिडकीकडे.